आमची वाटचाल : पाहणीसाठी टॅबलेट निवडताना

आमची फर्म लहान आहे आणि मालमत्तांचं मूल्यांकन हे एकच काम करते. घरं, गाळे, गोदामं, मोकळे भूखंड. ग्राहकाच्या हातात रिपोर्ट जातो, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा जागेवरच्या पाहणीतून आलेला असतो. खोल्यांची मापं, बांधकामाचं वय, भिंतीतली ओल, स्लॅबच्या भेगा, चतुःसीमा, आत सध्या कोण राहतं, मंजूर नकाशात नसलेली एखादी खोली. हे तिथे उभं असताना टिपलं गेलं नाही, तर नंतर दर आणि घसारा कितीही काटेकोर लावा, रिपोर्टाचा पाया कच्चाच राहतो. त्यामुळे फर्मच्या आजवरच्या प्रवासात ज्या निर्णयावर आम्ही सर्वाधिक विचार केला, तो निर्णय म्हणजे पाहणीला जाताना हातात काय असावं, हा.

सुरुवातीची पद्धत सगळ्यांचीच होती. छापील पाहणीपत्रक, पॅड, फीत आणि कॅमेरा. जागेवर कच्चं स्केच काढायचं, ऑफिसात येऊन कुणीतरी ते टाइप करायचं, दुसऱ्या कुणीतरी संगणकावर नकाशा काढायचा, आणि फोटो कुठल्या खोलीचा हे आठवून जुळवायचं. एकच माप तीन हातांतून जायचं. शिवाय एखादी भिंत मोजायची राहिली आहे, हे नकाशा काढताना, बाह्यरेषा जुळेना झाली की कळतं. तोवर जागा मैलोगणती मागे पडलेली असते. स्केचच्या सगळ्या भिंती जागेवरच एकमेकींना जुळल्या पाहिजेत, बेरीज तिथेच जमली पाहिजे, ही आमची खरी गरज होती.

2010 मध्ये पहिला आयपॅड आला आणि थोड्याच काळात टॅबलेट सर्वत्र दिसू लागले. आम्ही मात्र सुरुवात यंत्रापासून केली नाही. आधी सॉफ्टवेअर, मग त्याला चालेल ते यंत्र, हा क्रम ठरवला आणि आजही नव्या व्यावसायिकांना तोच सांगतो. आमचा नकाशा काढण्याचा आणि रिपोर्ट बांधण्याचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणारा होता, म्हणून पहिली काही वर्षं विंडोज टॅबलेट वापरले. ऑफिसातलं सगळं जसंच्या तसं जागेवर मिळायचं, हा मोठा फायदा. पण ते प्रोग्रॅम माउससाठी बनवलेले असतात. एका हातात यंत्र धरून दुसऱ्या हाताने इवल्या बटणांवर नेम धरत राहायचं, हे उभ्याने करायचं काम नाही. त्यात वजन आणि गरम होणं. शेवटी आम्ही कामाचेच दोन भाग केले : जागेवर फक्त गोळा करायचं, म्हणजे मापं, स्केच, फोटो, नोंदी; आणि हिशेब, तुलना, लेखन ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर. हे ठरल्यावर टॅबलेटकडून काय हवं ते अगदी स्पष्ट झालं. वेगवान प्रोसेसरची हौस तिथेच संपली.

सर्वांत जास्त वेळ पडद्याने घेतला. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक टॅबलेट सुंदर दिसतो. पडद्याची उजळता निट या एककात मोजतात. साध्या टॅबलेटचा पडदा बहुधा 400 ते 500 निटचा असतो. घरात तो भरपूर होतो, पण भर दुपारी मोकळ्या भूखंडावर त्यात आपलाच चेहरा दिसतो. उन्हात नीट वाचायचं तर 800 ते 1000 निट किंवा त्याहून अधिक लागतात. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. काच आणि पडदा यांच्यात हवेची फट असेल तर आतल्या आत प्रतिबिंबं पडतात. ही फट पारदर्शक चिकट थराने भरलेली असेल, तर कमी निटचा पडदाही अधिक वाचता येतो. म्हणून आमची कसोटी साधी ठेवली : यंत्र बाहेर उन्हात न्यायचं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांचा फॉर्म उघडायचा आणि वाचायचा. गॉगल घालूनही वाचायचा. पोलराइज्ड (चकाकी अडवणाऱ्या) गॉगलमधून काही पडदे आडवे किंवा उभे धरले की पार काळे होतात.

उन्हाचा दुसरा त्रास उष्णतेचा. आयपॅडसाठी वापराचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असं उत्पादकच सांगतो. आपापल्या मर्यादेपुढे गेलं की बहुतेक यंत्रं आधी पडदा मंद करतात, चार्जिंग थांबवतात आणि अखेरीस सूचना दाखवून बंद होतात. बंद गाडीत टॅबलेट ठेवायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. तापल्यावर चार्जिंग थांबतं, म्हणूनच बॅटरी बदलता येणारं मॉडेल घ्यायचं. दिवसभराच्या फेरीत भरलेली दुसरी बॅटरी पिशवीत असली की मधेच चार्जिंगसाठी प्लग शोधत बसावं लागत नाही. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेत ही सोय आहे. 8 इंचांचा आकार, सोबत पेन आणि धूळपाण्यापासून आयपी68 दर्जाचं संरक्षण असल्याने आम्ही शेवटी त्या धाटणीच्या यंत्रांवर स्थिरावलो. आयपी दर्जातला पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. अर्धवट बांधकामावर सिमेंटची बारीक धूळ असते, त्यामुळे पहिला 6 आमच्या लेखी अधिक मोलाचा.

10-11 इंचांचा पडदा स्केचला सुखाचा वाटतो, हे खरं. पण जिना चढताना, शिडीवर, एका हातात लेसर मीटर (लेसर किरणाने अंतर मोजणारं उपकरण) असताना हलकं यंत्रच कामी येतं. शिवाय मागे हात अडकवायचा पट्टा हवाच. पट्ट्याशिवाय आमचं एकही यंत्र बाहेर जात नाही.

पेनाविषयी माझं मत ठाम आहे : बोटाने स्केच होत नाही. काही पेनांना स्वतःची बॅटरी असते. काहींना नसते, पडद्यामागच्या जाळीच्या चुंबकीय क्षेत्रातून त्यांना ऊर्जा मिळते. आम्ही दुसऱ्या प्रकारची घेतो. ऐन पाहणीत पेन चार्ज नाही असं होतच नाही, आणि हाताचा तळवा पडद्यावर टेकला तरी रेघ उमटत नाही. पावसाचे थेंब पडले की बोटाचा स्पर्श बिघडतो, तेव्हाही असं पेन बरंच काम करतं.

मापं पेनाने लिहायचीही गरज आता कमी झाली आहे. ब्लूटूथवाला लेसर मीटर माप थेट स्केचमधल्या रेषेवर पाठवतो. चांगल्या मीटरची अचूकता 1 ते 2 मिलिमीटरची असते. उन्हात मात्र लाल ठिपका दिसत नाही, म्हणून बाहेरच्या मापांना कॅमेऱ्यातून लक्ष्य दाखवणारा मीटर किंवा सरळ फीत. चौरस मीटर आणि चौरस फूट यांचं रूपांतर ॲपनेच करावं (1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट), आणि चटई क्षेत्र व बांधीव क्षेत्र वेगळं दाखवावं, एवढी अपेक्षा आम्ही ॲपकडून ठेवतो.

कॅमेऱ्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. अनेक साध्या टॅबलेटना मागे फ्लॅशच नसतो. मग तळघर, माळा, जिन्याखालची मोरी यांचे फोटो घेणार कसे? अतिरुंद लेन्सने खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. जाहिरातीला ते चालेल. मूल्यांकनाच्या फोटोत वाचणाऱ्याची दिशाभूल होते. आम्ही साधी लेन्स वापरतो आणि एका खोलीचे दोन कोपऱ्यांतून दोन फोटो घेतो. फोटो ॲपच्या आतूनच काढायचा, म्हणजे तो त्या खोलीच्या नोंदीला तिथल्या तिथे जोडला जातो. तो मेसेजिंग ॲपवरून ऑफिसला पाठवायचा नाही; बहुतेकदा तिथे फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळ व ठिकाणाची माहिती पुसली जाते.

ठिकाणाबद्दल एक गोष्ट खरेदीआधीच पाहावी. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. ते मोबाइल नेटवर्क चालणाऱ्या (सेल्युलर) मॉडेलमध्ये मिळतं. आणि जीपीएस असलं तरी मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण 5 मीटरची धरावी, उंच इमारतींत त्याहून जास्त. आपण नेमके त्याच मालमत्तेपाशी आलो होतो, याला आधार म्हणून ते ठीक. हद्द ठरवायला ते कधीही वापरू नये. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही. हद्दीचा प्रश्न आला की मोजणीचा नकाशाच पाहायचा.

नेट नसतानाही सगळा फॉर्म, नकाशे आणि मागची कागदपत्रं उघडली पाहिजेत. तळघरात आणि गावाबाहेरच्या भूखंडावर रेंज जाते, हे गृहीत धरूनच आम्ही ॲप निवडलं. नेट आलं की माहिती आपोआप चढते, आणि पोचल्याची खूण दिसेपर्यंत यंत्रातली प्रत काढली जात नाही. लोकांच्या घरांच्या आतले फोटो, कुलपांची रचना, मौल्यवान वस्तू, मालकीची कागदपत्रं हे सगळं त्या यंत्रात असतं. म्हणून साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे इतरांना वाचता न येणारी, पासकोड सक्तीचा, आणि यंत्र हरवलं तर दुरून पुसण्याची सोय. उत्पादक किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार हे विचारूनच आम्ही मॉडेल ठरवतो. मुदत संपलेलं यंत्र पाहणीला जात नाही.

सध्या आमचं लक्ष लायडारकडे, म्हणजे लेसर प्रकाशाने अंतरं टिपणाऱ्या सेन्सरकडे आहे. 2020 पासून आयपॅड प्रोमध्ये हा सेन्सर आहे आणि तो साधारण 5 मीटरपर्यंतचं अंतर वाचतो. खोलीभर यंत्र फिरवलं की आराखडा तयार होतो, वाकड्यातिकड्या खोलीत तर फारच झटपट. पण आरसे आणि काचेच्या भिंतींपुढे तो गोंधळतो, आणि मापात काही सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. त्यामुळे आम्ही त्याच्याकडून खोलीचा आकार घेतो आणि प्रत्येक भिंतीचं माप लेसर मीटरने टाकतो. दोन्हींत फरक दिसला, तर ती भिंत निघण्यापूर्वी पुन्हा मोजली जाते.