माटोळीतली पाच अंजिरं

लिस्बनहून घरी येताना माझ्या बॅगेत एक डबा ठरलेला असतो: बदाम भरलेली सुकी अंजिरं. पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व म्हणून प्रांत आहे, तिथली. आई तो डबा आल्यागेल्याला दाखवते, एकेक काढून हातावर ठेवते, स्वतः मात्र खात नाही. तीन वर्षांपूर्वी तिनं झाकण लावता लावता विचारलं, "तुझ्या घरामागं झाड आहे म्हणतोस ना? मग एक फांदी आण की. परसात लावू."

फांदी अशी आणता येत नाही, हे तिला पटवायला दोन चहा गेले. जिवंत कलम परदेशातून आणायचं तर आधी इथला आयात परवाना हवा, शिवाय त्यावर रोगकीड नसल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला हवा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काजू काय कागद करून आला होता गोव्यात?"

यावर उत्तर नव्हतं. मी स्वतः आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद करून तिकडं गेलेला माणूस.

लिस्बनबाहेरच्या ज्या घरात मी तळमजल्यावर भाड्यानं राहतो, त्याच्या मागल्या चिंचोळ्या अंगणात भिंतीला खेटून ते झाड उभं आहे. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या झाडाला पाणी घालताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. खाली चुनखडीचे दगड, वर उन्हाळाभर कोरडं ऊन, आणि झाड मजेत. अंजिराला पोर्तुगीजमध्ये 'फिगु' म्हणतात. म्हणजे आमच्या वाड्यावरची पोरं ज्या फिगोसाठी रात्र जागवून फुटबॉल बघायची, तो आडनावानं अंजीर होता, हे मला तिशीत कळलं.

या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं. गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावरची फळं जूनमध्ये पिकतात, मोठी आणि जरा पाणचट. त्यांना तिथं 'लांपु' म्हणतात. यंदाच्या कोवळ्या फांदीवरची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, लहान पण गोड. पहिल्याच जूनमध्ये मी बिनबाह्यांची बनियन घालून, भर दुपारी झाडात शिरून बादलीभर लांपु काढले. दुसऱ्या दिवशी हात लाल, तिसऱ्या दिवशी फोड. अंजिराच्या चिकात असं काहीतरी असतं की ते अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते. बिब्बा उततो ना, अगदी तसं. काजूच्या बियांचं तेल हाताला लागण्याचे परिणाम लहानपणी भोगलेल्या माणसानं सावध राहायला हवं होतं. काळे डाग पुढं कित्येक आठवडे राहिले. तेव्हापासून झाडाला हात लावायचा तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि ऊन उतरल्यावर.

फळ कधी काढायचं ते घरमालकीणबाईंनी शिकवलं. रंगावर जायचं नाही. देठाकडची मान वाकली, फळ खाली लोंबलं, सालीला बारीक चिरा गेल्या, की हात लावायचा. अंजीर आंब्यासारखं आढीत पिकत नाही. कच्चं तोडलं तर ते कच्चंच मऊ होतं, वर चिकानं जीभ खाजते. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे त्यानं मान टाकेपर्यंत थांबायचं. कठीण आहे बाबा."

शेवटी रोप घेतलं ते 'पुणे अंजीर' जातीचं, फोंड्याजवळच्या एका रोपवाटिकेतून, वीतभर काडी आणि चार पानं. मी सुट्टी संपवून परतलो आणि आईनं ते मानाच्या जागी लावलं: कुळागरात, पोफळींच्या सावलीत, पाटाच्या अगदी कडेला. तिच्या दृष्टीनं ती घरातली सगळ्यात चांगली जमीन. जून लागला. ऑगस्टमध्ये फोनवर तिनं पान दाखवलं तर मागच्या बाजूला विटकरी पूड. तांबेरा. चवथीपर्यंत एकही पान राहिलं नाही. "गेलं तुझं झाड," एवढंच म्हणाली.

गेलं नव्हतं. पण चूक कुठं झाली ते मला तिथं बसून, त्या भिंतीजवळच्या झाडाकडं बघत कळलं. मला इतके दिवस वाटायचं, अंजीर थंड मुलखातलं, त्याला आपला उकाडा सोसणार नाही. उकाड्याचं त्याला काहीच नाही. अडतं ते पावसाशी. लिस्बनला वर्षाचा सगळा मिळून सात-आठशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना. गोव्यात तीन हजारांच्या आसपास, आणि तो नेमका पानं भरात असताना. फळाच्या बुडाला एक बारीक डोळा असतो. पिकत्या फळात तिथून पाणी शिरलं की आत आंबतं, मुंग्या येतात, दोन दिवसांत वास सुटतो.

मग पुरंदरवाले काय करतात ते बघितलं. सासवडच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या अंजीर होतं, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे बहर दोन. पावसाळ्याच्या अंगानं येतो तो खट्टा बहार, आणि पाऊस सरल्यावर छाटणी करून, पाणी देऊन धरतात तो मीठा बहार, ज्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. नावातच सगळं आलं. गोव्यात पहिल्याच्या नादाला लागूच नये असं माझं मत आहे. हौशीनं लावणाऱ्यांनी तर नाहीच.

ऑक्टोबरमध्ये फोनवरून सूचना देऊन काडी उपटवली. निळं प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापलं, बुडाला चांगली आठ-दहा भोकं पाडली, तळाला चिऱ्याचे तुकडे. आपली जांभ्याची माती आंबट, अंजिराला चुनखडीची सवय, म्हणून रेती आणि शेणखताबरोबर शिंपल्यांचा चुना दोन मुठी. पिंप ठेवलं दक्षिणेच्या पडवीच्या कडेला, जिथं ऊन पोचतं पण पत्र्यामुळं पावसाची झड थेट येत नाही. मुळं कोंडली म्हणून अंजीर रुसत नाही, उलट नुसती पानं वाढवायचं सोडून फळाकडं वळतं. पुढच्या ऑक्टोबरात छाटणी झाली, आणि फेब्रुवारीत सात फळं. तीन बुलबुलांनी खाल्ली, तेव्हा उरलेल्यांना आईनं जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून बांधल्या.

यात एक विघ्न आलं, व्हॉट्सॲपवरून. अंजिरात मेलेली माशी असते, उपासाला चालत नाही, असा निरोप आला. अर्धं खरं आहे ते. अंजीर हे फळ म्हणण्यापेक्षा फुलांनी भरलेली बंद पिशवी आहे, उंबरासारखीच. तुर्की स्मिर्ना जातींना फळ धरायला एक बारीक माशी आत शिरावी लागते. आल्गार्वमध्ये त्यासाठी रानटी नर-अंजिरं दोऱ्यात ओवून झाडांना टांगायची रीत आहे. तसल्या जातीची फांदी मी चोरून आणली असती तर फळं हिरवी असतानाच गळाली असती, ती माशी फोंड्यात आणायची कुठून? पुणे अंजिराला मात्र माशीची गरज नाही, ते आपोआप धरतं. हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, "उंबर फोडून केंबरं कशाला उडवतोस? चांगलं लागतं ना, झालं."

चांगलं लागतं हे तिनं सांगितलेलं. फळ फेब्रुवारी-मार्चला पिकतं आणि मला रजा मिळते चवथीला. घरचं पिकलेलं अंजीर मी फक्त फोनवर पाहिलंय.

यंदा आलो तेव्हा पावसातल्या नव्या फुटीवर पाच फळं होती, हिरवी, घट्ट, सुपारीएवढी. ती पिकणार नव्हतीच. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो. सुपारीचे घड, नारळ, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, रानातली कांगलां, एकेक केवणीच्या दोरीनं चौकटीला टांगत होतो. आई पडवीतून आली ती ती पाच अंजिरं देठासकट घेऊन, देठांतून चीक गळत होता. मी आपसूक बाही खाली ओढली. "मधोमध बांध," ती म्हणाली, "तोरिंजनाच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकी हात जोडून वर बघत राहिल्या. "हे रुमड का गो?" रुमड म्हणजे आमच्याकडचं उंबर.

"पोर्तुगीज रुमड," आई म्हणाली.

झाड सासवडकडच्या जातीचं, पिंप फोंड्याच्या बाजारातलं. मी गप्प बसलो आणि काकींच्या हातावर करंजी ठेवली.