वॉलआयच्या तोंडात अंगठा

उजव्या अंगठ्याला पट्टी बघून ऑफिसात तिघांनी विचारलं. कांदा चिरताना सुरी लागली म्हणून सांगितलं. खरं काय ते इथे लिहिते: मासा चावला. आणि चूक माशाची नव्हती.

अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या आमच्या फोर्ट कॉलिन्सच्या पश्चिमेला डोंगराची एक लांबच लांब कड आहे, तिच्यामागे हॉर्सटूथचा जलाशय. (नावातच दात आहे, हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं.) लांबी सुमारे १० किलोमीटर, रुंदी बेताची. कडेतल्या खिंडींमध्ये आणि उत्तरेच्या टोकाला असे मुख्य चार बांध आहेत, १९४९ साली पुरे झालेले. पाणी मात्र इथलं नाही. रॉकी पर्वताच्या पलीकडे, कोलोराडो नदीच्या खोऱ्यात अडवलेलं पाणी २१ किलोमीटरच्या बोगद्यातून पूर्वेकडे आणलंय.

माझे बाबा पोफळीच्या वीजगृहातून रिटायर झाले. एरवी पूर्वेला गेलं असतं ते कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचं आणि वापरून झालं की वाशिष्ठीत सोडायचं, यात त्यांची नोकरी गेली. बोगद्याचं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे आमचंच, उलट्या दिशेने." मग लगेच, "मासे कुठले?"

मासे दोन. स्मॉलमाउथ बास आणि वॉलआय. दोघेही मूळचे इथले नव्हेत, बाहेरून आणून सोडलेले. पाणी बाहेरचं, मासे बाहेरचे, गळ टाकून गरवणारी चिपळूणची.

बाबांना पटत नाही ते आमिष. त्यांच्या लेखी गरवणं म्हणजे गांडूळ, नाहीतर कोळंबी. मशीन चालू झालं की नदीला पाणी चढायचं, त्या हिशोबाने खडक निवडायचा आणि बसायचं. एक डोळा दोरीवर, एक मगरीवर. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना माझा डबा दाखवला: रबराचे तुकडे, प्लास्टिकच्या मासोळ्या. "अगं, वास नाही, चव नाही, त्याला मासा कशाला तोंड लावेल?"

लावतो. पण कारण तुमच्या मनगटात असतं, डब्यात नाही, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

बाससाठी मी नेड रिग वापरते. भूछत्राच्या टोपीसारखं छोटं वजन असलेला गळ, जेमतेम ३ ग्रॅमचा, त्यावर बोटाएवढा हिरवट-तपकिरी मऊ तुकडा. तो तुकडा स्वतः तरंगतो, म्हणून वजन तळाला टेकलं तरी शेपूट वर उभी राहते. खडकांत इथे क्रॉफिश असतात, म्हणजे शेवंडीचं अगदी पिल्लू समजा; बासला तेच वाटत असावं. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, आणि मग जवळजवळ काहीच करायचं नाही. थोडं ओढा, थांबा. पहिल्या उन्हाळ्यात मी भरतकाम केल्यासारखी काठी हलवत होते आणि फक्त दगड पकडत होते. इथला तळ फुटक्या खडकांचा, सगळा फटींचा. त्या मोसमात माझे किती गळ तिथे राहिले ते नवऱ्याला अजून माहीत नाही. आता दगड आणि मासा वेगळे कळतात. दगड धरून ठेवतो. बास 'टक्' करतो आणि दोरी बाजूला चालायला लागते.

परवा, जूनच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चारला एका खडकाळ टोकावर बसले. जलाशय काठोकाठ होता. पुढे शेतीला पाणी सुटलं की उतरत जातो. बोट माझ्याकडे नाही, त्यामुळे बोटींना चिकटून पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांच्या तपासणीच्या रांगेतही थांबावं लागत नाही. सूर्य मावळेपर्यंत सहा बास मिळाले, सगळे वीतभर ते फूटभर. पितळी अंग, उभे पट्टे, लालसर डोळा, आणि आकाराच्या मानाने फाजील उड्या. बास उचलायचा म्हणजे खालच्या ओठात अंगठा घालून धरायचा. त्याचे दात कानशीसारखे, नुसते खरखरतात. सहा वेळा तसा धरला. सहाही सोडले.

मग ऊन गेलं, वारा सुटला, पाण्यावर लाटा आल्या. वॉलआयची हीच वेळ. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. अंधूक उजेडात, गढूळ लाटांत त्याला दिसतं आणि छोट्या माशांना नीट दिसत नाही. दिवसा तो बहुतेक खोल पाण्यात असतो, संध्याकाळी खायला उथळात येतो. मी जर्कबेट लावलं: लांबट मासोळी, दोन झटके दिले की तिरकी पळते आणि थांबली की त्याच खोलीला तरंगत राहते. गंमत त्या थांबण्यात आहे. उजेड कमी होतो तसं मी जास्त थांबते, चार आकडे, सहा, आठ. आठ मोजणं फार कठीण आहे. हात शिवशिवतो.

सात मोजले आणि दोरी जड झाली. टक् नाही, उडी नाही. भरलेली बादली विहिरीतून ओढावी तसं वजन, मधूनच मान झटकणारं. काठाला आला तेव्हा डोक्यावरच्या दिव्यात आधी डोळे चमकले, काचेच्या गोट्यांसारखे, मग शेपटीच्या खालच्या टोकाचा पांढरा ठिपका. आनंदात मी तेच केलं जे सहा वेळा केलं होतं.

वॉलआयचे दात सुळ्यांसारखे असतात. वरून त्याने तोंड मिटलं. मी मराठीत जे ओरडले ते पलीकडच्या काठावर गेलं असेल. तिथे एक जोडपं शेकोटीशी बसलं होतं, त्यांनी हात हलवला. मीही हलवला, डावा.

मासा टेपवर १९ इंच भरला. खूप मोठे वॉलआय मी घेत नाही, मासे खाणाऱ्या माशात वयाबरोबर पारा साठत जातो. हा घेतला. सूडबुद्धी नव्हती असं म्हणणार नाही. हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळला. पांढरं, घट्ट, काटे कमी, वास जवळजवळ नाहीच. नवऱ्याचं मत: आगळ जास्त झालं. ते जास्त होत नसतं.

रविवारी बाबांना अंगठा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"मरळीला असं धरशील का?"

"नाही."

"मग?" थोडं थांबून म्हणाले, "ते रबर. दिवाळीत येताना चार घेऊन ये. तपकिरी."