अजून किती वर्षं जात राहणार तिथे?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, कामाला पैसे देणारे विचारतात, परवा एका कॉलेजातल्या मुलीनेही विचारला. उमरेड रोडकडच्या एका गावाच्या 12 एकर पडीक जमिनीवर आम्ही पूर्वीचं गवताळ रान परत आणायचा प्रयत्न करतोय. घाणेरी (रानभर पसरणारं परदेशी झुडूप) काढून झाली, गवत पेरून झालं, मग नागपूरहून दर महिन्याला तिथे जाऊन करता काय? तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून सविस्तर सांगते.

घाणेरी ‘काढून झाली’ असं कधी म्हणताच येत नाही. वरून तोडली की तिला जोमाने फुटवे येतात. म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटं खोल, मुळावर घाव घालायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं नीट केलं. दुसऱ्या पावसाळ्यात गेलो तर रान मोकळं, पण पळसाच्या आणि बोरीच्या प्रत्येक झाडाखाली घाणेरीची रोपं दाट उगवलेली. बुलबुल तिची काळी फळं खातात, झाडावर येऊन बसतात, बी खाली पडतं. रोप वीतभर असताना ओल्या जमिनीतून दोन बोटांनी मुळासकट सुटतं. दोन वर्षं गेलो नाही तर त्याच जागी कुदळ आणि मजूर लागतात. आमची ऑगस्टची फेरी या वीतभर रोपांसाठी असते.

नागपुरातला अंबाझरी तलाव तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जलपर्णी काढतात, पाणी दिसू लागतं, पुन्हा हिरवा गालिचा पसरतो. सांडपाणी येत राहिलं की तिला खत मिळत राहतं. हवामान मानवलं तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. असं तळं एकदा साफ करायचं बजेट मांडणं म्हणजे काम अर्धवट सोडायचं आधीच ठरवणं.

आम्हीही तेच केलं होतं. आमचा निधी 3 वर्षांचा होता. तो संपला, चौकीदार थांबवावा लागला. आपल्याकडे जंगलातल्या आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनपर्यंत चालतो. त्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी उघडी पट्टी, मोकळी करायची असते. त्या वर्षी पैसे नव्हते म्हणून ती झाली नाही. एप्रिलमध्ये कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवला. मोहाची फुलं वेचणाऱ्यांना जागा स्वच्छ लागते, त्यात त्यांचं पोट आहे, मी त्यांना दोष देत नाही. आग आमच्या रानात शिरली. पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवतं पावसात बुडख्यातून परत फुटली. आवळ्याची आणि बेहड्याची तीन वर्षांची रोपं मात्र गेली, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत सगळ्यात आधी तरोटा हे तण आलं. त्या उन्हाळ्यानंतर मी एक गोष्ट धरून बसले आहे: पहिला खड्डा खणण्याआधी देखभालीचा कागद तयार हवा, आणि 100 रुपये आले तर 40 त्याच दिवशी पुढच्या वर्षांसाठी बाजूला काढायचे. देणाऱ्यांना हे आवडत नाही. त्यांना रोपांचा आकडा हवा असतो.

आकड्यांचंही सांगते. सुरुवातीला आम्ही जगलेली झाडं मोजायचो. पण हवं होतं गवताळ रान! मग मोजायचं गवत, जमिनीवर घरटं करणारे चंडोल आणि टिटवी. त्याहून मोठी चूक म्हणजे काम सुरू करण्याआधीची एकही नोंद आम्ही ठेवली नाही. गावातल्या एक आजी एकदा बांधावर बसून म्हणाल्या, “पयले इथं पवन्या होता, कमरेएवढा. तुमी आमाले इचारलं नाही.” खरंच विचारलं नव्हतं.

आता पाच दगडांना पांढरा रंग दिलाय. प्रत्येक दगडापाशी उभं राहून ठरलेल्या दिशेनेच फोटो काढायचा, तोही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ऑक्टोबरचं गवत मे महिन्याच्या फोटोशी ताडून काही कळत नाही. पीव्हीसी पाइपची मीटरभर चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत किती पवन्या, किती मारवेल, किती उघडी माती ते लिहायचं. तरोटा ऑगस्टमध्येच मोजतो, कारण फुलं येण्याआधी उपटला तरच उपयोग. (कोवळ्या तरोट्याची भाजी आम्ही खातोही.) अर्ध्याहून जास्त चौकट त्याने व्यापली तर त्याच आठवड्यात माणसं लावायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. असा नियम आधी ठरलेला नसेल तर आकडे वहीतच राहतात, हे आम्ही तीन वर्षं करून पाहिलंय.

तर किती वर्षं? कागदावर आम्ही 10 लिहिली आहेत. पहिली तीन वर्षं दर महिन्याला, पुढे हंगामापुरती फेरी. चौथ्या वर्षाच्या आगीमुळे ती मोजणी आम्ही पुन्हा एकपासून सुरू केली. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे असते, कारण मी दहा वर्षं येईनच याची हमी कुणी द्यावी? गेल्या ऑक्टोबरात चौकट धरायला त्याच आजींची नात आली होती. तिसऱ्या दगडापाशी तिने कमरेएवढ्या पवन्याचे सात बुडखे मोजले. पुढच्या महिन्यात जाळरेषेचं काम आहे, आणि यंदा त्याचे पैसे बाजूला काढलेले आहेत.