आमची वाटचाल : दुसऱ्या बॅटरीचं वायरिंग

फोर बाय फोर गाड्यांना फ्रिजसारख्या जोडसामानासाठी दुसरी बॅटरी बसवायचं काम आमच्याकडे सुरू झालं ते साध्या चार पिनांच्या रिलेवर, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर. मूळ बॅटरीपासून एक जाड वायर, मध्ये रिले, पुढे दुसरी बॅटरी आणि रिलेला करंट इग्निशनवरून. चावी फिरवली की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाणार, गाडी बंद केली की तुटणार. दिसायला सगळं बरोबर. पण सेल्फ मारताना रिले आधीच लागलेला असतो. सेल्फ २०० अँपिअरच्या पुढे ओढतो आणि त्यातला वाटा दुसऱ्या बॅटरीच्या वायरमधूनही जातो. मूळ बॅटरी जरा उतरलेली असली की हा वाटा वाढतो. मग एकतर फ्यूज उडतो, नाहीतर रिलेचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला रिले जास्त वाईट, कारण तो कळत नाही. रात्रभर फ्रिज चालतो आणि सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या.

म्हणून आम्ही व्होल्टेज बघून लागणाऱ्या रिलेवर, म्हणजे व्हीएसआरवर आलो. मूळ बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट झाले की तो लागतो आणि १२.८ च्या खाली आले की सुटतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारा डायनॅमो) चार्ज देऊ लागेपर्यंत दुसरी बॅटरी वेगळीच राहते. जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटर कायम १४ च्या आसपास असतो. तिथे लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएम (पाणी घालावं न लागणारी बंदिस्त लेड) बॅटरीसाठी व्हीएसआर आजही पुरतो, आणि अशा गाडीवाल्याला आम्ही महागडा चार्जर घ्यायला लावत नाही.

गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटरवाल्या वाढत गेल्या. मूळ बॅटरी भरली की गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवतो, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होतो. तेवढ्यावर व्हीएसआर सुटतो. दिवसभर गाडी चालवूनही दुसरी बॅटरी अर्धवट भरलेली राहते, आणि लेड बॅटरी सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट धरून काही महिन्यांत तिची क्षमता जाते. इथून पुढे डीसी-डीसी चार्जर हाच मार्ग. तो आत कमी-जास्त व्होल्टेज आलं तरी दुसऱ्या बॅटरीला हवं तेच, समजा १४.४, बाहेर काढतो. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर त्याची इग्निशनची वायर जोडावीच लागते. नाहीतर व्होल्टेज उतरलं की गाडी बंद झाली असं समजून चार्जर थांबतो.

इथे एक हिशोब बरेच जण चुकवतात. २५ अँपिअरचा चार्जर म्हणजे २५ अँपिअर बाहेर देणारा. १४.४ गुणिले २५, म्हणजे ३६० वॅट. चार्जरचा तोटा धरून आत ४०० वॅट लागतात, आणि आत १२ व्होल्टच येत असतील तर ते होतात ३३ अँपिअर. वायर धरायची ती ३३ ची, २५ ची नव्हे. इनपुटला आम्ही ५० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने बसणारा मोठा फ्यूज) घालतो. चार्जरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच.

वायरचा हिशोब अर्ध्या मिनिटाचा आहे. जाण्यायेण्याची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ०.०१७५ ने गुणा, वायरच्या चौरस मिलिमीटरने भागा, की रोध आला. त्याला अँपिअरने गुणलं की वाटेत किती व्होल्ट गळतात ते कळतं. बॉनेटपासून मागच्या सीटपर्यंत ४ मीटर, जाऊन-येऊन ८. सोळा स्क्वेअरच्या (म्हणजे सोळा चौरस मिलिमीटरच्या) वायरमध्ये ३३ अँपिअरला ०.२९ व्होल्ट जातात. चालेल. सहा स्क्वेअर घातली तर पाऊण व्होल्टच्या वर जातात. आधीच १२.५ च्या आसपास उतरलेल्या अल्टरनेटरला ते परवडत नाही.

फ्रिजच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालताना ४ ते ५ अँपिअर घेतो. तो डिकीतल्या मूळ सॉकेटला लावला, तिथपर्यंत दीड स्क्वेअरची वायर ५ मीटर आली, तर जाण्यायेण्यात ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर गळती. बॅटरीवर १२.२ असतात, फ्रिजला दिसतात ११.६, आणि तो बॅटरी वाचवायला स्वतःला बंद करतो. बॅटरी मात्र निम्मी भरलेली असते. मालकाला वाटतं बॅटरी गेली. फ्रिजला आम्ही दुसऱ्या बॅटरीपासून थेट सहा स्क्वेअरची वायर देतो, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि टोकाला सिगारेट सॉकेटऐवजी ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, म्हणजे घट्ट बसणारा जाड पट्ट्यांचा प्लग. सिगारेट सॉकेटमध्ये स्प्रिंगवर टेकलेला एक ठिपका सगळा करंट वाहतो. कच्च्या रस्त्यावर तो हलतो, तापतो आणि प्लास्टिक वितळतं.

वायर विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांब्याची आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. तिचा रोध जास्त, आणि थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) ती सैल पडते. थिंबल हातोडीने किंवा पक्कडीने दाबायचं नाही, षटकोनी डायच्या हायड्रॉलिक क्रिम्परने दाबायचं. चांगलं क्रिंप करवतीने आडवं कापलं तर आतल्या तारा वेगळ्या दिसत नाहीत, तांब्याचा एकसंध गोळा दिसतो. नवा डाय आणला की एक थिंबल असं कापून पाहतो. जाड वायरवर नुसतं सोल्डर आम्ही करत नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर कडक राहते आणि धक्क्यांनी तिथेच तुटते.

फ्यूज दोन्ही टोकांना. ही वायर दोन बॅटऱ्यांमध्ये आहे, त्यामुळे मध्ये कुठेही घासून बॉडीला लागली तर आग दोन्हीकडून पोसली जाते. प्रत्येक पॉझिटिव्हपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी रिंग, आणि सगळ्या वाटेवर कॉरुगेटेड पाइप.

निगेटिव्ह मूळ बॅटरीच्या टर्मिनलवर लावू नका. नव्या गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून करंट गेला की गाडीचा हिशोब चुकतो आणि मूळ बॅटरी नीट चार्ज होत नाही. आम्ही चेसिसला जोडतो. रंग खरवडून उघडं लोखंड, एम ८ बोल्ट, दातेरी वॉशर आणि वरून पुन्हा रंग. कोकणात नेहमी जाणाऱ्या गाडीत हा रंग विसरला तर दोन पावसाळ्यांत सांधा गंजतो.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढायची मोटर, दुसऱ्या बॅटरीवर घेत नाही. भाराखाली ती ४०० अँपिअरपर्यंत जाते, म्हणून मूळ बॅटरीवर आणि इंजिन सुरू ठेवूनच. हवा भरायच्या ३० अँपिअरच्या कॉम्प्रेसरला दहा स्क्वेअरची वायर आणि ४० चा फ्यूज. १२० वॅटच्या एलईडी बारला अडीच स्क्वेअर, १५ चा फ्यूज आणि रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५-८६ वर स्विच. गाडीची मूळ वायर कापून जोड कधीच देत नाही.

बॅटरी कोणती, हे कुठे फिरणार त्यावर. १०० अँपिअर-अवरच्या एजीएममधून निम्मेच काढायचे. फ्रिज दिवसाला ३० घेतो असं धरलं तर दीड दिवस झाला. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० काढता येतात, वजन ३० किलोच्या ऐवजी १२-१३. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्ज तोडतो. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्याने ती केबिनमध्ये ठेवावी किंवा एजीएम घ्यावी. बॉनेटखालच्या उष्णतेत लिथियम अजिबात नको. आणि साधी पाणी घालायची बॅटरी केबिनमध्ये नको, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

गाडी देण्याआधी फ्रिज चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी फ्रिजच्या प्लगच्या पॉझिटिव्हवर लावतो. तसंच निगेटिव्हचं. दोन्ही मिळून ०.३ च्या वर आकडा आला तर काम उघडतो. मग गाडी लॉक करून अर्धा तास सोडतो आणि मूळ बॅटरीवरचा झोपेतला करंट मोजतो. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जातो, आकडा पडेपर्यंत. प्रत्येक फ्यूजचा आकडा, वायरची जाडी आणि तिची वाट लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवतो. काझ्यात किंवा लेहमध्ये दुसऱ्याच कोणा मेकॅनिकला ते झाकण उघडावं लागू शकतं.