आडिवरे ते कशेळी, पायी

रविवार. दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. आज जरा उघडीप मिळाली. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या महाकालीला हात जोडले आणि डांबरी रस्ता सोडून मळ्यात उतरलो.

मळ्यातली वाट एकच असते असं वाटतं, पण असतात दोन. लावणीपासून कापणीपर्यंत बांधाबांधाने, प्रत्येक कुणग्याला, म्हणजे भाताच्या खाचराला, वळसा घालत जायचं. भात निघालं की सगळे सरळ आडवे चालतात, ती उन्हाळी वाट. आज मधलीच गत होती. लवकर पिकणारं हळवं भात कापून वाळत टाकलेलं, उशिराचं गरवं अजून उभं. त्यामुळे एका कुणग्यातून सरळ, पुढच्याला बांधावरून. बांध खेकड्यांनी पोखरलेले, पाय टाकला की आत पाणी बुडबुडतं. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव मात्र शाबूत आहे.

पलीकडे पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. इथे वाट शोधायला नजर लागते. पावसाळाभर शेवाळ धरून कातळ काळा पडतो, पण जिथे रोज पाय पडतात तिथे तो तांबूसच राहतो. हातभर रुंदीचा तो पट्टा सोडायचा नाही. कमरेएवढ्या गवतात तो गडप होतो, पुढच्या उघड्या कातळावर पुन्हा सापडतो. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे, पोटात कितीतरी प्राणी घेऊन उभा. तो कोरणारेही पायीच आले असणार, गाडीरस्त्याची वाट बघत थांबले नसणार!

सडा उतरताना कलमांची बाग लागली आणि तांबूस पट्टा थेट चिऱ्याच्या कंपाऊंडमध्ये घुसला. नवीकोरी, पुरुषभर उंच भिंत. पूर्वी इथे नुसत्या रचलेल्या दगडांचा गडगा होता. गडग्याला वाटेपुरतं बेडं असायचं. बांबू सरकवा, पलीकडे जा, परत लावा. गुरं बाहेर, माणसं आत-बाहेर. आता भिंतीच्या कोपऱ्याला एक फट ठेवलीय, आडवं होऊन जाण्याएवढी.

मी फटीपाशी पोचलो तर पलीकडून एक काकी गवताचा भारा घेऊन आल्या. भारा फटीतून जाणार नव्हताच. त्यांनी तो डोक्यावरून उचलून भिंतीवर चढवला, अलीकडे ढकलून दिला, पदराने तोंड पुसलं आणि आडव्या होऊन फटीतून आल्या. रोजचंच असावं, चेहऱ्यावर राग नव्हता.

"कुठं चाल्लाव?"

"कशेळीला, काकी."

"रिक्षा नाय गावली?"

भारा परत डोक्यावर द्यायला हात लावला. हे ओझं त्या रोज भिंतीवर कसं चढवतात कोण जाणे. बागायतदाराचंही मला कळतं. डुकरं रात्रीत कलमांच्या बुंध्याशी उकरून ठेवतात, लाख-लाख रुपयांची बाग उघडी कोण टाकेल? पण बेडं ठेवायला कितीसा खर्च येतो? माकडं तर भिंतीवर बसूनच आंबे खातात.

काकी म्हणाल्या, शिमग्यातल्या पालखीची वाट खालच्या अंगाने आहे, तिथे मात्र भिंत दोन हात मागे घेतलीय. देवाच्या वाटेला हात लावायची छाती कोणाची होत नाही. गवत आणणारीची वाट मात्र कोपऱ्यातल्या फटीतून.

पुढचं उतरण सोपं होतं. कशेळीला कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळात पोचलो तेव्हा दुपारची सामसूम होती. रथसप्तमीला कालिकावाडीहून कालिकादेवी मिरवणुकीने इथे येते, तेव्हा उभं राहायला जागा मिळत नाही. या देवळाकडे शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ताम्रपट आहे, 1191 सालचा, कशेळी गाव दान दिल्याचा. गावाचं दान तांब्यावर कोरलं गेलं, पायवाटा कोणी कुठे कोरल्या? त्या जुन्या गावनकाशात एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. महसुली हिशेबात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. बांधावरून वाट मागायची तर 1966 च्या जमीन महसूल संहितेतल्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. काकी तो करायला जाणार नाहीत. भाताची झोडणी सोडून राजापूरला खेपा कोण घालणार?

परत येताना एसटीने आलो. बुधवारी राजापूरला माझं काम आहेच. भूमी अभिलेखमध्ये गावनकाशाची नक्कल मागतो. त्या भिंतीखालून तुटक रेष जाते की नाही, ते बघतो.