काळ्या मातीवर ट्रकचं पार्किंग: सांगलीतल्या कामाचा अनुभव

सांगलीत कोल्हापूर रस्त्याच्या बाजूला हळद-बेदाण्याची गोदामं, त्यांना लागून दुकानांचे गाळे आणि पुढे साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद मोकळी जागा. त्या जागेत ट्रक, मोटारी आणि दुचाकी अशा तिन्हींसाठी पार्किंग करायचं होतं. मालकांच्या मनात नेहमीचाच हिशेब होता: खाली डबर, त्यावर खडी, वर डांबराचा कार्पेट. रस्ता असाच होतो, मग पार्किंग का नाही?

पार्किंग रस्त्यासारखं वागत नाही, हे आधी पटवून द्यावं लागलं. रस्त्यावर चाक एका जागी क्षणभर टेकतं आणि पुढे जातं. इथे भरलेला ट्रक रात्रभर त्याच जागी उभा असतो. २०१८ पासून चार टायरच्या एका ॲक्सलला ११.५ टनांची परवानगी आहे, आणि तेवढं वजन तासन् तास चार तळव्यांएवढ्या जागेवर बसतं. ड्रायव्हर गाडी जागेवर ठेवून स्टिअरिंग फिरवतात, त्यामुळे वरचा थर खरवडला जातो. डिझेल-ऑइल ठिबकतं आणि डांबर विरघळवतं. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीचा साइड स्टँड मऊ डांबरात रुततो. आणि सगळ्यात मोठा फरक पाण्याचा: रस्त्यावरचं पाणी चार-पाच मीटरमध्ये कडेला लागतं, इथे त्याला चाळीस मीटर जायचं असतं. म्हणून काय अंथरायचं ते शेवटी ठरवलं. सुरुवात माती आणि ढाळ यांपासून केली.

मातीसाठी जागेच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घेतले. अडीच मीटर खोल गेलो तरी काळी माती संपली नाही. प्रयोगशाळेत फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) ५० टक्क्यांच्या वर आला आणि चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचं माप) २ च्या आसपास. हा आकडा भिजवलेल्याच नमुन्याचा मागा. उन्हाळ्यात वाळलेली काळी माती दगडासारखी लागते आणि कोरड्या नमुन्याचा सीबीआर भरपूर येतो; त्यावर डिझाइन केलं की पहिल्याच पावसाळ्यात त्याचा निकाल लागतो.

डबराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातली निम्मी पार्किंगं तिथेच वाया जातात. काळ्या मातीवर थेट डबर टाकलं की दगडांमधल्या पोकळीत पाणी साठतं. खालची माती ते पिऊन फुगते, मऊ होते आणि चाकाच्या दाबाने दगडांच्या फटींतून वर येते. दगड खाली जातो, चिखल वर येतो. पुढच्या उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि वरचा थर पोकळीवर लटकतो. डबराची जाडी वाढवून हे थांबत नाही. काळ्या मातीवर पहिला थर न फुगणारा हवा आणि थोडा चिकटही हवा, म्हणजे तो पाणी सहज खाली सोडणार नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेली सीएनएस (चिकट पण न फुगणाऱ्या) थराची पद्धत हीच. आपल्याकडे तिच्यासाठी चांगला, किंचित मातकट मुरूम पुरतो. अगदी स्वच्छ रेताड मुरूम नको आणि पिवळी मातीही नको. खाणीवरची सोपी परीक्षा: मुरमाचे खडे रात्रभर बादलीत भिजत ठेवायचे. सकाळी गाळ झाला असेल तर ती खाण सोडून द्यायची. अंतिम निवड मात्र प्रयोगशाळेच्या आकड्यांवरच.

आम्ही मुरमाचा थर ६० सेंटिमीटर धरला. पूर्ण जागेला दाबलेला १,४४० घनमीटर मुरूम लागतो; सुटा घेताना पाव हिस्सा जास्त धरला की १,८०० घनमीटर, म्हणजे सुमारे ६३५ ब्रास. प्रत्येक डंपरमागे गौण खनिजाची रॉयल्टी पावती ठेवा. ती नसेल तर काम मध्येच अडकतं, आणि उघडं पडलेलं काळं रान वाट बघत नाही.

खोदाईची वेळ महत्त्वाची. पाऊस सरल्यावर जमीन वाफशावर आली की खोदायचं. ओल्यात पोकलेन रुतते; मातीच्या पार सुकलेल्या ढेकळांवर मुरूम टाकला तर माती पुढे पाणी ओढून फुगते आणि वरचं सगळं उचलते. तळ उघडा झाल्यावर वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये वजनाच्या ३ टक्के चुना मिसळला, चौरस मीटरला साधारण पावणेसात किलो. चुना पसरून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने दोन्ही दिशांनी फिरवलं, पाणी मारलं, रोलर दिला. चुन्याने माती भुसभुशीत होते, फुगणं कमी होतं आणि वर डंपर चालतात. हा तळ उन्हात उघडा ठेवला नाही. पाठोपाठ मुरूम चढवला.

मुरूम २० सेंटिमीटरच्या तीन थरांत दाबला. सुटा २५ टाकला की दाबून २० होतो. दहा टनी व्हायब्रेटरी रोलर, टँकरने पाणी आणि प्रत्येक थरावर घनता मोजायला सँड रिप्लेसमेंटची चाचणी. घनता मॉडिफाइड प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या) ९७ टक्क्यांहून कमी आली तर पुढचा थर नाही. पाणी किती हवं ते हाताला कळतं: मूठ वळली की गोळा टिकला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. तिन्ही थर झाल्यावर भरलेला डंपर सगळ्या जागेवर हळू चालवला. चाकाखाली जमीन जिथे रबरासारखी दबली आणि उचलली गेली, तो तुकडा उकरून ओला मुरूम बदलला. जुन्या पाइपलाइनच्या चरांवर हा प्रकार हमखास आढळतो.

आता ढाळ. गोदामाच्या जोत्यापासून रस्त्यापर्यंत एकाच दिशेला १.५ टक्के उतार द्यायचा तर ६० सेंटिमीटर फरक लागतो. जागेवर तेवढा मिळत नव्हता. म्हणून मधोमध साठ मीटर लांब जाळीचं गटार घेतलं. गोदामाच्या बाजूने १.५ टक्के म्हणजे २० मीटरमध्ये ३० सेंटिमीटर, रस्त्याच्या बाजूने २ टक्के म्हणजे ४० सेंटिमीटर. गटाराला लांबीत दोनशेला एक ढाळ. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर या जागेतून सेकंदाला साधारण ३६ लिटर पाणी येतं. दोनशेला एक ढाळाचा ३०० मिलिमीटरचा आरसीसी पाइप ते सहज नेतो.

उतार फक्त वरच्या पृष्ठभागाला देऊन भागत नाही. खोदाईचा तळ, मुरूम, जीएसबी (मुरमावरचा खडीचा थर) या सगळ्यांना तोच ढाळ हवा. मुरमावर १५ सेंटिमीटर जीएसबी घेतली. तिचं काम पाणी बाहेर काढण्याचं, म्हणून तिच्यात पीठ कमी हवं. गटाराच्या भिंतींना जीएसबीच्या पातळीवर दीड-दोन मीटरवर भोकं ठेवली आणि त्यांच्या मागे जाळी व खडी. ही भोकं विसरली की वरून झिरपलेलं पाणी जीएसबीत कोंडतं. केबल, सीसीटीव्ही आणि पाण्याच्या लाइनसाठी ११० मिलिमीटरचे रिकामे पाइप याच वेळी आडवे टाकून ठेवावेत.

गोदामापुढची २० मीटरची पट्टी आणि गेटपासून तिथपर्यंतची ८ मीटरची वाट, एकूण १,३६० चौरस मीटर, काँक्रीटची केली. उरलेल्या १,०४० चौरस मीटरवर मोटारी आणि दुचाकींसाठी पेव्हर ब्लॉक. तिथली मांडणी अशी: ५ मीटर गाड्या, ६ मीटर वाट, पुन्हा ५ मीटर गाड्या, मग दुचाकींसाठी २ मीटर वाट आणि २ मीटर जागा. मोटारीला २.५ गुणिले ५ मीटर, दुचाकीला १ गुणिले २.

काँक्रीटखाली १० सेंटिमीटर डीएलसी (कमी सिमेंटचं, कोरडसर काँक्रीट), त्यावर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि वर २० सेंटिमीटर एम ३५ प्रतीचं काँक्रीट. स्लॅब ४ मीटर रुंद पट्ट्यांत, एकाआड एक ओतला. ओतणी थांबवलेल्या आडव्या सांध्यांत २५ मिलिमीटरच्या गुळगुळीत सळ्या, ३० सेंटिमीटरवर. सळीचा अर्धा भाग ग्रीस लावून मोकळा ठेवायचा आणि ती पूर्ण सरळ बसली पाहिजे. तिरकी बसली तर सांधा हलत नाही आणि शेजारीच भेग पडते. उभ्या सांध्यांत १२ मिलिमीटरच्या टॉर सळ्या, पट्ट्या एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून. इमारतीच्या भिंतीलगत, गटारालगत आणि चेंबरभोवती फायबर बोर्ड घालून स्लॅब सुटा ठेवला.

आरएमसीची (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी आली की ड्रायव्हर पाणी वाढवायला उत्सुक असतो, कारण पातळ माल लवकर उतरतो. तिथे एक जबाबदार माणूस स्लंप (माल किती पातळ आहे त्याची चाचणी) घेत उभा ठेवा. ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने पाणी ओढून घेणं) करणार म्हणून पातळ माल चालतो, हाही गैरसमज आहे. व्हॅक्यूमने वरचं जास्तीचं पाणी निघतं, वाया गेलेली ताकद भरून येत नाही. वर पाणी तरंगत असताना फ्लोटर फिरवला किंवा कोरडं सिमेंट भुरभुरवलं तर वर्षभरात तेवढा पापुद्रा सुटतो. शेवटी ब्रूम फिनिश दिलं, म्हणजे झाडू ओढून पृष्ठभाग खरबरीत केला. ट्रकच्या ओल्या टायरला पकड लागते.

कटिंग, म्हणजे भेग ठरल्या जागीच पडावी म्हणून स्लॅबला काप घेणं, हा सगळ्यात नाजूक टप्पा. दर ४ मीटरवर, ६५ मिलिमीटर खोल, म्हणजे जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. थंडीत ओतल्यापासून ८ ते १२ तासांत, मार्चच्या उन्हात त्याच्याही आधी. कडेला एक छोटा काप घेऊन बघायचं: खडी उपटून येत असेल तर थांबायचं, कड स्वच्छ येत असेल तर लगेच सगळं कापायचं. सकाळी कामगार आल्यावर कापू म्हटलं तर स्लॅब रात्रीच आपल्या मनाने फाटतो. म्हणून कटर, दुसरा कटर आणि दिवा संध्याकाळीच साइटवर हवेत. मग वाफे बांधून चौदा दिवस पाणी, आणि अठ्ठावीस दिवसांआधी ट्रक नाही. गाळेवाल्यांचा दबाव इथेच सर्वांत जास्त येतो. मुदत आधीच लेखी ठरवून घ्यावी.

पेव्हरखाली जीएसबीवर २० सेंटिमीटर डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून अंथरलेली, दाबलेली खडी), दोन थरांत. ब्लॉक ८० मिलिमीटरचे, एम ४०. घेताना पाणी शोषण्याचा चाचणी अहवाल मागावा. सरासरी ६ टक्क्यांच्या आत हवं. कडेला आधी काँक्रीटचा कर्ब, मगच ब्लॉक. कर्ब नसेल तर कडेची ओळ सरकते आणि तिच्या मागून सगळी मांडणी उसवते. गाड्या वळतात तिथे हेरिंगबोनच (ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवलेली मांडणी) हवी. सरळ ओळींची मांडणी ब्रेकच्या धक्क्याने सरकते.

ब्लॉकखाली कच (दगड फोडताना निघणारी भुकटी) टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यातलं पीठ पाणी धरून ठेवतं, चाकाच्या दाबाने राळ होऊन सांध्यातून वर येतं आणि ब्लॉक डुगडुगायला लागतो. धुतलेली क्रश सँड घ्या, सुटी ३० मिलिमीटर. या जागेला ११ ब्रास लागली. डब्ल्यूएमएममधले खड्डे वाळूने भरायचे नाहीत. तीन मीटरची पट्टी ठेवून १० मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर तिथे डब्ल्यूएमएमच दुरुस्त करायचा. ब्लॉक बसल्यावर प्लेट कॉम्पॅक्टर, मग सांध्यांत कोरडी बारीक वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. गाड्यांच्या रेषा रंगाने मारल्या नाहीत. वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवले, रंग तिथे टिकत नाही.

ज्यांना बजेटमुळे डांबरच करायचं आहे त्यांनी निदान ट्रकची जागा काँक्रीटची ठेवावी. बाकी जागेत ५० मिलिमीटर डीबीएम (जाड खडीचा खालचा डांबरी थर) आणि ३० मिलिमीटर बीसी (बारीक खडीचा वरचा डांबरी थर), व्हीजी ३० प्रतीच्या डांबराची. माल अंथरताना १४० अंशांच्या खाली आणि रोलिंग संपताना ९० अंशांच्या खाली नसावा. थर्मामीटर स्वतःचा ठेवा आणि थंड झालेला डंपर परत पाठवा.

गटाराच्या जाळ्या ट्रकच्या वाटेवर ईएचडी ३५ (अतिजड भाराच्या) आणि इतरत्र एचडी २० (जड भाराच्या) वर्गाच्या घेतल्या, बोल्ट लावून. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या ठेवल्या, नाहीतर स्कूटरचं चाक फटीत जातं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीने नाल्यांचं पाणी उलटं आलेलं पाहिलं आहे, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाइपच्या तोंडाला झडपेचं झाकण बसवलं. पूर जागेवरच चढला तर ते काही करत नाही; नाला तुंबून पाणी मागे येतं तेवढं अडवतं. झाकणाच्या बिजागरीत प्लास्टिक अडकतं, त्यामुळे मृगाच्या आधी गटारातला गाळ काढताना ते हाताने उघडून बघायचं. त्याच फेरीत काँक्रीटच्या सांध्यांतलं सीलंट सुटलं आहे का आणि पेव्हरच्या सांध्यांतली वाळू खाली गेली आहे का, तेही बघून भरून घ्यायचं.