खवल्यांचं शेपूट

कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्रांची वेशभूषा करणाऱ्यांच्या मेळाव्यात फोमची शेपटं पैशाला पासरी. धातूच्या खवल्यांचं शेपूट मात्र आधी ऐकू येतं, मग दिसतं.

बघणारे खवले बघतात, करणाऱ्याचा जीव ते जोडणाऱ्या तारेच्या कड्यांत अडकलेला असतो. मोठा खवला 22 मिलिमीटर रुंद, 38 लांब आणि वरच्या टोकाला एक भोक. त्या भोकातून चार कड्या जातात, पण कड्या शेजाऱ्यांत वाटलेल्या असल्यामुळे हिशेब खवल्यामागे दोनचा. पाचशे खवल्यांना हजार कड्या, वर शंभर जास्तीच्या. काही वाकतात, काही सोफ्याखाली कायमच्या राहायला जातात. तार 1.6 मिलिमीटरची आणि कडीचा आतला व्यास साधारण 6.4. यापेक्षा लहान घेतली तर खवले ताठरतात, मोठी घेतली तर फटींतून अस्तर डोकावतं. म्हणून आधी तळहाताएवढा नमुना विणावा आणि त्यावरूनच खवले मोजून मागवावेत.

कडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवायची नाहीत. एक पुढे, एक मागे अशी पिळायची. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. ॲल्युमिनियम दोन-तीनदा वाकवलं की कडक होऊन तुटतं, तेव्हा तीच कडी सरळ करत बसू नये. पक्कड गुळगुळीत तोंडाची हवी, दातेरी पकडीने रंगाचा थर खरवडतो. बंद केलेल्या जोडावरून नख फिरवावं. नख अडकलं तर उद्या तिथे कापड अडकणार आणि मागून जाणाऱ्या बाईची ओढणीसुद्धा.

ओळी कौलांसारख्या अर्ध्या-अर्ध्या सरकवून बसतात, फुगीर बाजू बाहेर, टोक खाली. बारा खवल्यांच्या ओळीखाली अकरा, पुन्हा बारा असं केलं की रुंदी तशीच राहते. अकराखाली दहा गेले की निमुळतेपण सुरू. पण प्रत्येक ओळीला एक खवला कमी केला तर शेपूट न होता त्रिकोणी पताका होते. चार-पाच ओळींमागे एकच घटवावा.

याबाबतीत गुरू करावा तो कोकणातल्या खवले मांजराला. त्याच्या शेपटीच्या कडेचे खवले दुमडून खालच्या अंगाला वळलेले असतात, त्यामुळे कड उघडी पडत नाही. शेपटीची खालची बाजूही त्याची खवल्यांचीच. आपण मात्र तिथे कॅनव्हास लावावा. शेपूट खाली वाकलं की आतल्या बाकाचे खवले एकमेकांवर चढतात, चावतात. कापड मुकाट्याने दुमडतं. आत फोमचा गाभा आणि त्यात जाड ॲल्युमिनियमची तार, टोकाला किंचित वळवलेली. नळीत घातलं तरी वाकडं राहणं हा इथे गुण आहे. सरळ लोंबणारं शेपूट मेलेलं दिसतं.

ॲल्युमिनियमचे पाचशे खवले कड्यांसकट सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतात. पोलादात तेच पावणेदोन किलो, शिवाय साधं पोलाद असेल तर पावसाळ्यात गंजाची हमी. भार पँटच्या लूपवर कधीच टाकू नये. चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा चामडी पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसवावा आणि त्याला दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर दोन डी-रिंगा, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या कड्या शिवाव्यात. शेपूट त्यांत दोन स्नॅप हुकांनी, म्हणजे खटक्याने उघडणाऱ्या आकड्यांनी अडकवावं. एकाच हुकावर टांगलेलं शेपूट चालताना स्वतःभोवती फिरतं आणि घटकाभरात अस्तर जगाला दिसतं. दोन्ही स्नॅप हुकांचे खटके बाहेरच्या बाजूला ठेवावेत. खुर्ची दिसली की मागे न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजाने ते सुटले पाहिजेत.